फेरफार केलेला पीएसपी : फर्मवेअर बदलावे की जपावे?

सोनीचा 'प्लेस्टेशन पोर्टेबल' अर्थात 'पीएसपी' हा हातात मावणारा गेम कन्सोल डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये बाजारात आला. आज त्याचे उत्पादन बंद असले, तरी जुनी यंत्रे जपणारे रसिक कमी नाहीत. यातील अनेक यंत्रांत मूळ फर्मवेअरऐवजी हौशी प्रोग्रॅमरांनी तयार केलेले 'कस्टम फर्मवेअर' असते. अशा यंत्रात नवी आवृत्ती घालावी का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

या प्रश्नाचे मूळ २००५ मध्ये आहे. अमेरिकेत १.५० आवृत्तीसह विकल्या गेलेल्या यंत्रांवर हौशी प्रोग्रॅम चालविण्याची पळवाट त्याच वर्षी सापडली. सोनीने २.०० आवृत्तीत वेब ब्राउझर दिला, पण पळवाट बुजवली. नवे खेळ नव्या आवृत्तीविना सुरू होत नसत. २००८ मधील '५.०० एम३३' सारख्या कस्टम आवृत्त्यांनी ही कोंडी फोडली.

सोनीची अखेरची आवृत्ती ६.६१ ही २०१५ मध्ये आली. त्यामुळे आता नव्या आवृत्त्यांचा पाठलाग करण्याचे कारण उरलेले नाही. ६.६० आणि ६.६१ या दोन्हींसाठी कस्टम फर्मवेअर उपलब्ध आहे.

निर्णय घेताना प्रथम मॉडेल पाहावे. पीएसपी-१००० आणि सुरुवातीच्या २००० मालिकेतील यंत्र बिघडल्यास 'पँडोरा बॅटरी' या क्लृप्तीने ते पुन्हा सुरू करता येते. ३००० मालिकेत हा पारंपरिक उपाय चालत नाही. या मालिकेत अनेक कस्टम आवृत्त्या तात्पुरत्या असतात. यंत्र पूर्ण बंद केल्यावर त्या पुन्हा सुरू कराव्या लागतात. स्लीप स्थितीत मात्र त्या टिकतात.

दुसरा मुद्दा परतीच्या वाटेचा. अधिकृत अपडेट एकदा केल्यावर सोनीच्या मार्गाने मागे येता येत नाही, आणि कस्टम फर्मवेअरही पुसले जाते. आवृत्ती खाली आणणारे प्रोग्रॅम आहेत. पण अनोळखी फाइल घातक ठरू शकते. ऑक्टोबर २००५ मध्ये अशाच प्रोग्रॅमच्या वेषात आलेल्या ट्रोजनने यंत्रातील आवश्यक फाइली पुसल्या होत्या. असे यंत्र सुरूच होत नाही. त्याची अक्षरशः 'वीट' होते.

अपडेट करायचेच असल्यास 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये सध्याची आवृत्ती तपासावी. मेमरी स्टिकवरील सेव्ह केलेल्या खेळांची प्रत संगणकावर घ्यावी. बॅटरी चार्ज केलेली असावी आणि चार्जर जोडलेला असावा. फुगलेली बॅटरी आधी बदलावी. काम मध्येच थांबवू नये.

थोडक्यात, सध्याच्या आवृत्तीवर हवे ते खेळ चालत असतील, तर यंत्राला हात न लावणेच श्रेयस्कर. एखादा खेळ अडत असेल, तरच ६.६० किंवा ६.६१ कडे वळावे.