वाकवणाऱ्या तापाची गोष्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण साधं आहे, बोटं दुखतात. शनिवारी सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडायचा हा माझा जुना नेम. तो गेल्या दीड वर्षात मोडला, कारण सकाळी पहिला तासभर माझी मूठच वळत नाही. त्यामुळे हा लेख दुपारी लिहिलाय, आणि तोही दोन शनिवार मिळून. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

२०२४ च्या पावसाळ्यात मला पुण्यात चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला. सांधे मात्र राहिले. महिनाभराने ऑफिसकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि चिकलठाण्याला घरी आलो. पहिल्याच सकाळी मी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होतो (कपाच्या कानात बोट घालायचं म्हणजे शिक्षाच). आई बघत राहिली आणि म्हणाली, "अस्संच धरायचे मी. दोन हजार सहाला."

२००६ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की आई आठवडाभर झोपून होती, बाबा कंपनीतून येऊन वाकडीतिकडी पोळी लाटायचे आणि शेजारच्या काकू रोज वरण-भात आणून द्यायच्या. आणि हो, आमच्याकडे चिकन बंद झालं होतं! त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, लाखो कोंबड्या मारल्या होत्या. त्यात हा 'चिकनगुनिया' आला. नावातच चिकन, मग लोकांना अजून काय पुरावा हवा? गल्लीतले अर्धे लोक शाकाहारी झाले, आणि तरीही तापाने फणफणले.

खरं तर ह्या नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही. १९५२ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे लोकांच्या पठारावर ह्या तापाची साथ आली. त्यांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. ज्याने हा रोग भोगलाय त्याला ह्याहून चांगलं नाव सुचणार नाही.

तर आईने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तिच्यात जुनी कालनिर्णयं आहेत. मागच्या पानावरच्या पाककृतींसाठी ठेवलेली, असं ती म्हणते. २००६ चं कालनिर्णय उघडलं. नेहमीच्या खुणा होत्याच, दूधवाल्याचा खाडा, गॅस लावल्याची तारीख. पण ऑगस्टपासून चौकोनांत दुसरंही काही होतं, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. 'ताप.' 'कणीक ह्यांनी मळली.' 'पिळता येत नाही.' 'पायरी उतरताना बसून.' दिवाळीच्या आसपास, 'चकलीचा सोऱ्या फिरला नाही.' आणि २००७ च्या कालनिर्णयात संक्रांतीच्या चौकोनात, 'बांगड्या भरल्या. डावं मनगट अजून.'

वाक्य तिथेच संपतं. डावं मनगट अजून.

मी हे का सांगतोय? त्या वर्षीची अधिकृत आकडेवारी मी नंतर शोधून वाचली. २००६ मध्ये देशात चिकुनगुन्याचे तेरा-चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वर. मालेगावला साल उजाडताच सुरुवात झाली होती, मराठवाडाही त्यात होता. मृत्यू किती? अधिकृतपणे शून्य. (अहमदाबादच्या मृत्युनोंदी तपासणाऱ्यांना त्या वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये नेहमीपेक्षा जवळपास तीन हजार मृत्यू जास्त दिसले, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे ताप मोजला, मृत्यू मोजले किंवा नाही मोजले. पण संक्रांतीपर्यंत दुखत राहिलेलं मनगट कुठल्या रकान्यात? आमच्याकडे बग पुन्हा करून दाखवता आला नाही की 'कॅनॉट रिप्रोड्यूस' असं लिहून तिकीट बंद करतात. आईचं तसंच झालं. ताप गेला, तिकीट बंद.

आता थोडं मागे जाऊ. २००६ ची साथ 'नवीन रोग' म्हणून पेपरात आली, पण महाराष्ट्राला तो नवीन नव्हताच. १९६३ मध्ये तो कलकत्त्यात आला, १९६४ मध्ये मद्रासला, १९६५ मध्ये आपल्या नागपुरात. आणि १९७३ मध्ये बार्शीला! बार्शीत तर गावातल्या तीनातल्या एकाहून जास्त माणसांना तो झाला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी तिथे जाऊन रीतसर पाहणी केली. ही संस्था १९५२ साली निघाली, आज आपण तिला एनआयव्ही म्हणतो. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या गोचिडीच्या तापाचा छडा १९५७ मध्ये लावला तो ह्यांनीच.

बार्शीचं साल बघून मी थबकलो. १९७२ च्या दुष्काळाच्या पाठीवरचं साल. ज्या घरात पाणी मोजून मिळतं त्या घरात पाणी साठवलं जातं, आणि एडिस डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गटार नको, रांजण हवा. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोनमहिने तग धरतात. बार्शीचा संबंध दुष्काळाशी जोडणं हा माझा अंदाज. पण आमच्या घरामागे ओळीने उभे असलेले निळे ड्रम बघितले की तो अंदाज फार धाडसी वाटत नाही. जायकवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर, आणि नळ कधी येणार ह्यावर गल्लीत पैजा लागतात. असो.

बार्शीनंतर हा रोग भारतातून जवळजवळ गायबच झाला. बत्तीस-तेहतीस वर्षं! अधूनमधून एखादी खूण दिसायची. पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली पकडलेल्या डासांत हा विषाणू सापडला, आणि तो आपल्याकडच्या जुन्या आशियाई जातीचा नव्हता, आफ्रिकी जातीचा होता. २००६ मध्ये देशभर पसरलेला विषाणू तपासला तर तोही आफ्रिकी जातीचाच निघाला. म्हणजे पाहुणा सहा वर्षं आधी दारात येऊन गेला होता. पण तोवर बार्शी विसरली गेली होती. २००६ मध्ये आईला तपासणाऱ्या डॉक्टरांनी हा रोग कधी बघितलाच नसेल, तर त्यांना तरी काय बोलणार?

हे विसरणं जुनं आहे. १८७०च्या सुमारास झांझिबारला एक ताप आला. जेम्स ख्रिस्ती नावाचा डॉक्टर तिथे होता. त्याने १८७२ मध्ये लिहून ठेवलंय, की बेटावरच्या म्हाताऱ्यांनी हा ताप लगेच ओळखला. त्यांच्या लहानपणी, १८२३ च्या सुमारास, तो येऊन गेला होता, आणि त्यांच्याकडे त्याला स्वतःचं नाव होतं, 'किडिंगा पेपो'. तिथून तो जहाजांबरोबर एडनमार्गे हिंदुस्थानात आला. इथल्या डॉक्टरांनी त्याला 'डेंग्यू' म्हटलं. पण ताप उतरल्यावरही सांधे धरून राहत होते, आणि हे डेंग्यूचं लक्षण नाही. १९७१ मध्ये डोनाल्ड केरी ह्या संशोधकाने मांडलं, की त्या जुन्या साथींपैकी काही चिकुनगुन्याच्या असणार. मला ह्यातलं काय आवडलं सांगू? पन्नास वर्षांनी रोग ओळखला तो म्हाताऱ्यांच्या सांध्यांनी, दप्तरांनी नाही.

हे सगळं वाचताना मी लाइम नावाच्या अमेरिकी गावापर्यंत पोचलो. तिकडे गोचिडीपासून होणारा लाइम रोग आहे, जिवाणूचा. आपल्याकडे तो क्वचितच ऐकू येतो. पण त्याची सुरुवात ऐका. कनेटिकट राज्यातल्या लाइम भागात पॉली मरे नावाची चार मुलांची आई राहायची. घरात सगळ्यांना काही ना काही, सुजलेले गुडघे, पुरळ, ताप. डॉक्टरांना काही सापडेना, तिलाच मानसिक म्हणायची वेळ आली. ती वर्षानुवर्षं नोंदी लिहीत राहिली. १९७५ मध्ये तिने आणि गावातल्या आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं, तेव्हा कुठे येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले. जिवाणू सापडायला आणखी काही वर्षं गेली, १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फरने ते जाहीर केलं.

कालनिर्णय आणि पॉली मरेची वही! फरक इतकाच, की आमच्या आईची नोंद ट्रंकेत राहिली.

लाइमचीही पुढची गोष्ट आपल्यासारखीच आहे. अँटिबायोटिकने बहुतेक लोक बरे होतात, पण काहींचा थकवा आणि दुखणं मागे राहतं. त्यांच्यावर महिनोनमहिने अँटिबायोटिक द्यायचे प्रयोग झाले. २००१ चा एक आणि २०१६ मधला डच लोकांचा एक, दोन्ही नीट तुलना करून केलेले. फायदा दिसला नाही. पण दुखणाऱ्याला 'फायदा दिसला नाही' हे ऐकवत नाही, म्हणून तिकडे महागड्या खासगी उपचारांचा बाजार उभा राहिलाय. मला त्या लोकांचं हसू येत नाही. मीही दीड वर्षात निर्गुडीचा पाला, एका मामांनी पाठवलेलं तेल, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या आणि यूट्यूबवरचा हळदीचा काढा, सगळं केलंय. तेल बरं होतं. निदान आई मालीश करायची.

मधे एका ठिकाणी मला इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मी अक्षरशः पळत जिना चढलो. तीन आठवड्यांनी सगळं परत आलं, थोडं वाढूनच. ते स्टिरॉइड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चिकुनगुन्यात क्लोरोक्विनची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत थोड्या रुग्णांना मलेरियाची ही गोळी देऊन बघितली, बरं वाटल्यासारखं झालं. मग ती सगळीकडे वाटली गेली, २००६ मध्ये आईलाही मिळाली. पण रियुनियन बेटावर त्याच साथीत तुलना करून बघितलं तर उपयोग दिसला नाही, उलट काही महिन्यांनी क्लोरोक्विन घेतलेल्यांत सांधेदुखीची तक्रार जास्त होती. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने २४ आठवडे साध्या वेदनाशामकाशी तुलना केली, २०१४ मध्ये छापून आलं, तिथेही ती सरस ठरली नाही. एका लहान प्रयोगावर तीस वर्षं चाललेली गोळी!

ह्याच गटाने २००६ च्या साथीतल्या ग्रामीण रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता. बहुतेक लोक बरे झाले, दोन वर्षांनी दुखणारे अगदी थोडे उरले. हे वाचून मला धीर आला. मग लक्षात आलं, की दीड वर्ष झालंय, म्हणजे मी त्या थोड्यांच्या रांगेत उभा आहे.

शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा पाऊण तास ऐकून घेतलं. म्हणाल्या, विषाणू रक्तातून कधीच गेला, पण शरीराची फौज अजून सांध्यात लढतेय, ती शांत करायची. मेथोट्रेक्सेट सुचवलं. केरळमध्ये एक छोटा प्रयोग झालाय, त्यात हे औषध आणखी दोन औषधांबरोबर दिल्यावर एकट्या औषधापेक्षा बरा गुण आला. छोटाच आहे, हे त्यांनीच सांगितलं. गोळी आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्यांनी चिठ्ठीवर वार लिहिला, मंगळवार, आणि खाली दोन रेघा मारल्या. दारू बंद, लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी, आणि लग्न-मूल वगैरेचा विचार असेल तर आधी येऊन बोला.

घरी आल्यावर दोन दिवस वाद चालला. "एवढं जहाल औषध? माझं नाही का गेलं आपोआप?" आई म्हणाली. मी तिचा डावा हात हातात घेतला आणि मनगट हळूच वाकवलं. तिने ओठ दाबले.

"हे थंडीचं आहे," ती म्हणाली.

"आई, मे महिना आहे."

ती हसली, मग गप्प झाली. ते चिकुनगुन्याचं उरलेलं, की वयाचं, की दुसरंच काही, हे एकोणीस-वीस वर्षांत कुणी तपासलेलं नाही. पुढच्या वेळी दोघांची अपॉइंटमेंट घेतली आहे. पहिली गोळी मी गेल्या मंगळवारी घेतली. दूधवाल्याच्या खाड्याशेजारी कालनिर्णयात आईने पेन्सिलीने लिहिलंय, 'गोळी १.'