दप्तर वाचणारे हात

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या गावांत पूर्वी गावचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनदार कुळकर्ण्याला कोणी प्रशिक्षण देत नव्हते. मुलगा बापाशेजारी बसायचा, बोरूने मोडी लिपी गिरवायचा, रुमालात बांधलेले दप्तर सोडायला-बांधायला शिकायचा. कोणत्या शिवेचा वाद कधीचा, हेही तिथेच कानावर पडायचे.

मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतन गेले आणि पगारी तलाठी आला. वंशाचा हक्क गेला, हे योग्यच झाले. पण बापाशेजारची ती शाळाही गेली. तिची जागा विभागीय परीक्षेने आणि प्रशिक्षणवर्गांनी घ्यायची होती.

हे शिकणे कमी पडले तर फरक कुठे पडतो, ते वारस नोंदीत दिसते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहितो, हरकतीसाठी नोटीस काढतो, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. एका बहिणीचे नाव राहून गेले, तर तिला आयुष्यभर हेलपाटे घालावे लागतात.

ग्रामसेवकाच्या प्रशिक्षणाचेही तसेच. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. २०१४ च्या नियमांनी तिथल्या ग्रामसभेला जादा अधिकार दिले. ग्रामसेवकाला ते नीट शिकवले नसतील, तर ते कागदावरच राहतात.

जुनी दप्तरे वाचण्याचेही तेच. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची टंचाई जाणवली. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात मोडी शिकलेला एक तरी कर्मचारी शासनाने नेमावा.