टोस्टमास्टरमधला टोस्ट

आमच्या आयटीत 'कम्युनिकेशन स्किल्स' हा फार भारी शब्द आहे. अप्रेझलच्या फॉर्मवर कामाचे सगळे रकाने भरून झाले की शेवटी एक ओळ असतेच, 'संवादकौशल्यात सुधारणेला वाव आहे'. ही ओळ कुणालाही चिकटवता येते आणि तिचा नेमका अर्थ कुणी सांगत नाही. बऱ्याचदा अर्थ एवढाच असतो, की पोरगा लातूर-सांगलीकडचा आहे, मराठी माध्यमातून आलाय आणि क्लायंटच्या कॉलवर कमी बोलतो. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे टोस्टमास्टर्स क्लब. आमच्याकडे तो दर गुरुवारी संध्याकाळी भरतो आणि गेलं वर्षभर मी त्याचा सभासद आहे. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "बेकरीचं शिकवतात का रे तिथे?"

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. जुन्या इंग्लंडात वाइनच्या पेल्यात मसाला लावलेला भाजका पाव टाकायची पद्धत होती. त्या पावावरून, कुणाच्या तरी नावाने पेला उंचावून चार शब्द बोलायचे त्यालाही 'टोस्ट' म्हणू लागले. मेजवानीत कुणी कधी बोलायचं हे सांभाळणारा तो टोस्टमास्टर. थोडक्यात आपला सूत्रसंचालक. असो.

तर क्लबचा इतिहास. राल्फ स्मेडली नावाचे एक गृहस्थ 1903 मध्ये कॉलेज संपवून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ब्लूमिंग्टन गावच्या वायएमसीएत शिक्षण विभागाचं काम बघायला लागले. तिथे येणारी तरुण मंडळी कामात हुशार होती, पण चारचौघांत उभं राहून मुद्दा मांडायचा किंवा एखादी साधी बैठक चालवायची म्हटली की अडायची. म्हणून 1905 च्या सुमारास त्यांनी एक मंडळ काढलं. पद्धत सोपी. आळीपाळीने भाषणं करायची, इतरांनी ती कशी झाली ते सांगायचं, आणि सभेचं अध्यक्षपदही आळीपाळीनेच घ्यायचं. वातावरण शाळेचं नको, जेवणाच्या पंगतीसारखं मोकळं हवं, म्हणून नाव टोस्टमास्टर्स.

इथपर्यंत कुठल्याही संस्थेची गोष्ट वाटते. मला गंमत वाटते ती पुढच्या वीस वर्षांची. स्मेडलींची बदली होत राहिली. फ्रीपोर्ट, रॉक आयलंड, मग कॅलिफोर्नियात सॅन होजे. जातील तिथे ते क्लब काढत, तो छान चालत असे, आणि ते गाव सोडून गेले की क्लब हळूहळू बंद पडत असे. आमच्या भाषेत सांगायचं तर 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'! एकाच माणसाच्या डोक्यात सगळी सिस्टिम. तो गेला की सर्व्हर डाऊन.

मग 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्याच सांता आना गावी वायएमसीएच्या तळघरात आणखी एक क्लब सुरू झाला. हा मात्र टिकला. आजची संस्था आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. एक कारण असं की आजूबाजूच्या गावांतली मंडळी येऊन बघू लागली आणि 'आम्हालाही असा क्लब काढायचाय' म्हणू लागली. स्मेडली प्रत्येक गावाला पुरे पडणं शक्य नव्हतं. मग त्यांनी काय केलं? डॉक्युमेंटेशन! 1928 च्या सुमारास क्लब कसा चालवायचा याची एक पुस्तिका आणि भाषणाच्या दहा धड्यांची दुसरी, अशा दोन पुस्तिका तयार झाल्या. आता संस्थापक हजर असायची गरज उरली नाही. 1930 मध्ये कॅनडातल्या न्यू वेस्टमिन्स्टरहून विचारणा आली आणि नावात 'इंटरनॅशनल' शिरलं. 1932 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. स्मेडली 1965 मध्ये वारले. आज सुमारे दीडशे देशांत हे क्लब चालतात.

पुस्तिकेतली पद्धत अजूनही बरीचशी तीच आहे. आमच्या गुरुवारच्या सभेत शिक्षक कुणी नसतो. एक जण वेळ बघतो आणि हिरवा, पिवळा, लाल असे दिवे किंवा कार्डं दाखवतो. एक जण 'अ‍ॅ... म्हणजे... अ‍ॅक्चुअली...' मोजतो. पूर्वसूचना न देता विषय मिळतो आणि त्यावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. आणि प्रत्येक भाषणाला एक मूल्यमापक असतो, तोही तुमच्याआमच्यातलाच. त्याला दोन-तीन मिनिटांत काय जमलं, काय सुधारता येईल हे बोलणाऱ्याला न दुखावता सांगायचं असतं. कोड रिव्ह्यू केलेल्यांना हे किती अवघड आहे ते कळेल. माझ्या मते क्लबचं खरं शिक्षण इथेच होतं. भाषण तुमचं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतं. कान देऊन ऐकायचं काम मात्र दर आठवड्याला असतं.

पण या उत्तम सिस्टिममध्ये एक मोठा बग होता, आणि तो जवळजवळ पन्नास वर्षं कुणी काढला नाही. बायकांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी अर्नेस्टिन व्हाइट यांच्या पुढाकाराने 1938 मध्ये 'टोस्टमिस्ट्रेस' नावाची वेगळी संघटना उभी राहिली. 1970 मध्ये सॅन डिएगोत अमेरिकन नौदलाच्या आस्थापनेत नोकरी करणाऱ्या हेलन ब्लँचर्ड यांना क्लबने सभासद करून घेतलं, पण कागदावर नाव लावलं 'होमर'! क्लबातल्या पुरुषांना चालत होतं, नियमाला चालत नव्हतं. 1973 मध्ये नियम बदलला आणि 1985 मध्ये याच ब्लँचर्डबाई संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. 'सर्वांना बोलायला शिकवतो' म्हणणाऱ्या संस्थेत 'सर्व' म्हणजे कोण, हे ठरायला एवढी वर्षं लागली.

हे वाचताना आपल्याकडची आठवण येणारच. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा'. पण व्याख्यानमालेत वक्ता एक आणि श्रोते शेकडो. तिने पुण्याला ऐकायची सवय लावली. आळीपाळीच्या क्लबशी जवळचं नातं आहे ते मुंबईतल्या त्याहून जुन्या मंडळाचं. 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तरुण दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. पोरांनी निबंध लिहायचे, एकमेकांसमोर वाचायचे, त्यावर चर्चा करायची. नुसतं इंग्रजीत बोलून भागणार नाही म्हणून मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. तिथे स्त्रीशिक्षणावर चर्चा झाली आणि ती टाळ्यांवर थांबली नाही. 1849 मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला सकाळच्या वेळात स्वतःच बिनपगारी शिकवलं.

बोलण्याच्या मंडळातून याहून मोठं 'आऊटपुट' काय असणार, सांगा.

तर मुद्दा असा. आपण कम्युनिकेशन स्किल्स म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे उच्चार, असं समीकरण करून बसलोय. इतिहास वेगळं सांगतो. स्मेडलींच्या ब्लूमिंग्टनच्या पोरांची भाषा इंग्रजीच होती, तरी ती अडत होती. जपानी, स्पॅनिश, अरबी, तमिळ भाषांत चालणारे टोस्टमास्टर्स क्लब आज आहेतच. म्हणजे औषध भाषेत नाही. ते दोन गोष्टींत आहे. आपली पाळी नक्की येणार ही खात्री, आणि बोलून झाल्यावर कुणीतरी मन लावून ऐकलंय हा पुरावा. लातूरच्या पोराला हे मीटिंगमध्ये मिळत नाही, कारण तिथे पाळी नसते. ज्याचा आवाज मोठा तो बोलतो, आणि मग न बोलणाऱ्याच्या फॉर्मवर ती ओळ येते.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती क्लबात न जाणाऱ्यांसाठीही आहे. पुढच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं उरली असताना ज्याने अजून तोंड उघडलेलं नाही त्याला विचारा, "तुला काय वाटतं?" आणि विचारल्यावर गप्प बसा. दोन मिनिटं, दिवा लाल होईपर्यंत.