दांडीयात्रेचे पुनर्दर्शन आणि भाटगामचा धडा

सुरतेहून मुंबईकडे येताना लोहमार्गावर उधन्यानंतर भेस्तान लागते. यंत्रमाग व गिरण्यांच्या आश्रयाने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. जवळच दिंडोली आहे. २ एप्रिल १९३० रोजी गांधीजींची दांडीयात्रा तेथे थांबली आणि पुढे वांझ नावाच्या गावी मुक्कामास गेली. आज सुरत शहरात सामावलेल्या या वस्त्यांच्या दारावरून अशा रीतीने इतिहास चालत गेला आहे.

गतकालीन घटना प्रत्यक्ष आचरून दाखविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ होत आहे. यात्रेच्या पंचाहत्तरीनिमित्त २००५ साली हा मार्ग पुन्हा पायी चालण्यात आला. २०२१ साली ८१ जणांनी तो चालला. ३० जानेवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या दांडी येथील स्मारकात समुद्राच्या पाण्यापासून मीठ करून पाहण्याची सोयही आहे. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु अशा दर्शनातून पाहणाऱ्याच्या अंतःकरणात नेमके काय उतरावे, हा प्रश्न पाळकांनी व धर्मशिक्षकांनी विचारला पाहिजे.

१२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह निघालेल्या गांधीजींनी सुमारे ३८५ किलोमीटरांचे अंतर २४ दिवसांत पार केले. ह्या तुकडीत तासगावचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, तसेच केरळचे ख्रिस्ती आश्रमवासी टायटस हेही होते. यात्रेपूर्वी, २ मार्च रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. ते पोहोचविणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा क्वेकर पंथाचा तरुण इंग्रज होता. व्हाइसरॉयांचे वेतन सामान्य भारतीयाच्या सरासरी उत्पन्नाच्या पाच हजार पटींहून अधिक आहे, असा आक्षेप त्या पत्रात होता.

२९ मार्च रोजी सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे हाच मापदंड गांधीजींनी स्वतःच्या तुकडीला लावला. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणले जात होते. रात्रीच्या वाटचालीत एका मजुराच्या डोक्यावर तिवई ठेवून तीवर किटसनची जड बत्ती वाहून नेली जात होती, आणि त्याला भरभर चालण्यास सांगितले जात होते. ते दृश्य असह्य होऊन गांधीजी वेगाने पुढे निघाले. तेव्हा त्या मजुरालाच त्यांच्यामागे धावविण्यात आले. भाटगामच्या सभेत त्यांनी हे सारे उघडपणे बोलून दाखविले. दुसऱ्याच्या उधळपट्टीवर बोट ठेवणाऱ्याने आपला खर्चही देशातील दरिद्री माणसाच्या मिळकतीशी ताडून पाहावा, असा त्या भाषणाचा आशय होता.

मूठभर मीठ उचलण्याचा प्रसंग सहज वठविता येतो. ती बत्ती वाहणारा मजूर मात्र दर्शनातून बहुधा वगळला जातो. आणि त्याला वगळले की यात्रेचे नैतिक बळही निसटते.

पवित्र शास्त्रातही स्मरण हे आचरणातून जतन केले जाते. यार्देनेतून उचललेले बारा धोंडे मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून उभारले गेले (यहोशवा ४). वल्हांडणाच्या विधीतही मुलाच्या प्रश्नाला स्थान आहे (निर्गम १२). परंतु प्रभुभोजनाविषयी लिहिताना पौल आणखी एक पायरी चढतो. करिंथ येथे काही जण भुकेले राहत आणि काही यथेच्छ सेवन करीत. म्हणून त्या स्मरणाला त्याने आत्मपरीक्षणाची अट घातली (१ करिंथ ११). ज्या स्मरणात दुबळ्या बंधूची दखल नाही, ते स्मरण प्रभूचे होत नाही.

आपल्या मंडळ्यांतूनही वारसादिन साजरे व्हावेत. जाते, चरखा, मीठ, जुनी उपासनागीते हे सर्व मुलांना दाखवावे. मात्र जात्याजवळ उभे राहून पहाटेपूर्वी दळावयास कोण उठत असे, हेही सांगावे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारे मजूर आजही आपल्या रस्त्यांवर दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून एखाद्या मुलाने प्रश्न केला, तर त्याला उत्तर देण्यास धर्मशिक्षकाने सिद्ध असावे. वारशाचे खरे शिक्षण तेथूनच सुरू होईल.