चार गोळ्यांऐवजी एक? प्रोस्टेट कॅन्सरवरचं अ‍ॅबिराटेरॉन आणि न्याहारीचा संबंध काय?

नाशिकमध्ये रविवारची न्याहारी म्हणजे तर्रीदार मिसळ. पण पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी अ‍ॅबिराटेरॉन घेणाऱ्या रुग्णाने ही गोळी मिसळीसोबत घेतली, तर औषध रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकतं. गंमत म्हणजे, अन्नाच्या याच परिणामातून औषधाचा खर्च कमी करण्याचा मार्गही सापडला आहे.

हे औषध काय करतं?

या कॅन्सरच्या बहुतेक पेशी टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनवर वाढतात. त्यामुळे इंजेक्शन देऊन किंवा शस्त्रक्रियेने अंडकोष काढून हे हार्मोन कमी केलं जातं. तरीही अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि खुद्द गाठ थोडं हार्मोन बनवत राहतात. त्यासाठी सीवायपी१७ नावाचं एन्झाइम लागतं. अ‍ॅबिराटेरॉन नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये शोधलेल्या या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

सोबत स्टेरॉइड कशासाठी?

शरीराला लागणारं कॉर्टिसॉल बनवायलाही हेच एन्झाइम लागतं. ते घटलं की शरीर अ‍ॅड्रिनल ग्रंथीला जास्त कामाला लावतं. मग रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं, पायांवर सूज येते. हे टाळण्यासाठी सोबत प्रेडनिसोलोन देतात आणि रक्तदाब, पोटॅशियम व यकृताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात.

चारची एक कशी झाली?

नेहमीचा डोस रोज १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. त्या रिकाम्या पोटी घ्यायच्या: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. कारण कमी स्निग्ध जेवणासोबत औषध सुमारे पाचपट, तर तेलकट जेवणासोबत सुमारे दहापट शोषलं जातं.

मग कमी गोळ्या खाण्यासोबत दिल्या तर? अमेरिका आणि सिंगापूरमधल्या ७२ रुग्णांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम, तर निम्म्यांना कमी स्निग्ध न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम दिलं. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, पीएसए कमी करण्यात छोटा डोस मागे पडला नाही. दोन्ही गटांत आजार सुमारे नऊ महिने आटोक्यात राहिला.

खर्चात किती फरक?

१२० गोळ्यांची बाटली पूर्ण डोसला महिनाभर पुरते, छोट्या डोसला चार महिने. भारतात याची जेनेरिक औषधं मिळतात, पण उपचार अनेकदा वर्षानुवर्षं चालतो. नाशिकहून तपासणीसाठी मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला त्यात प्रवास आणि राहण्याचा खर्चही धरावा लागतो.

मग सगळ्यांनी एकच गोळी घ्यावी का?

नाही. अभ्यास छोटा होता आणि त्यात मुख्यतः पीएसए मोजलं गेलं. रुग्ण किती वर्षं जगतात, हे तपासलं नव्हतं. पूर्ण डोस परवडत नसेल, तर अमेरिकेतल्या एनसीसीएनच्या मार्गदर्शक सूचना छोट्या डोसचा पर्याय मान्य करतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

पैशांअभावी परस्पर गोळ्या कमी करून त्या उपाशीपोटी घेतल्या, तर औषध अपुरं पडतं. पूर्ण डोस जेवणासोबत घेतला, तर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून खर्चाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. गोळ्या किती, कधी आणि कशासोबत घ्यायच्या, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं.