ओट्यावरच्या कुंड्या आणि सातासमुद्रापलीकडचे भुंगेरे

ज्या घराच्या दारात तुळस नाही असे घर आपल्या मुलखात शोधूनच काढावे लागेल. तुळशीशेजारी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात जास्वंद, फुटक्या माठात कोरफड, खिडकीत बाटलीतल्या पाण्यावर जगणारा मनीप्लँट, असा हा घरोघरचा संसार. दिवाळी जवळ आली, पाऊस सरला, सडा-रांगोळीच्या निमित्ताने ओटा स्वच्छ होऊ लागला, की नजर आपोआप ह्या झाडांकडे वळते; आणि जास्वंदीचा शेंडा पाहून घरातली एखादी आजी म्हणते, "अवं माय, याले पीठ कोनं लावलं?"

ते पीठ नसते. तो पिठ्या ढेकूण. मऊ अंगाचा, मेणाच्या पांढऱ्या भुकटीने अंग झाकून घेतलेला हा प्राणी कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस पीत बसतो. पितो तो पचवतो त्यापेक्षा जास्त, म्हणून उरलेला गोड चिकटा खाली टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि त्याच्या लोभाने मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या येत नाहीत. गवळ्याने गाई राखाव्यात तशा त्या पिठ्याला राखतात आणि त्याच्या वैऱ्यांना हुसकावून लावतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर दोष मुंग्यांचा न धरता वर शेंड्याकडे पाहावे.

आता उपाय काय? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उपाय घरातच असतो, आणि तोच मोठा घात आहे. कपाशीवर फवारून उरलेली बाटली कोनाड्यात पडलेली असते. त्यातले टोपणभर औषध पाण्यात घालून कुंडीवर शिंपडायला कितीसा वेळ लागतो! पण त्याच तुळशीची पाने तीर्थात पडतात, खोकल्याच्या काढ्यात उकळतात, आणि त्याच ओट्यावर लेकरू रांगते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात काय झाले ते सगळ्या देशाने वाचले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अळीचा धाक मनात, एकात दोन-दोन औषधे मिसळलेली, तोंडाला फडके नाही. फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या बाटलीला आम्ही अजूनही 'औषध' म्हणतो, ह्याचे मला नवल वाटते.

किड्याचा काटा किड्याने काढावा ही कल्पना काही नवी नव्हे. इ. स. ३०४ चा म्हणून सांगितला जाणारा एक चिनी ग्रंथ आहे. दक्षिण चीनमध्ये संत्र्या-मोसंब्यांच्या बागांसाठी पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या घरट्यासकट बाजारात विकत मिळत, असे त्यात लिहिले आहे. पुढच्या काळात तिथले बागाईतदार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबूचे पूल टाकीत, म्हणजे ह्या पहारेकरणींना फिरती करायला सोय. ह्याच जातीच्या मुंग्या आपल्या कोकणातल्या आंब्यांवरही आहेत. आपण मात्र त्यांच्या चाव्यापुरतीच ओळख ठेवली.

आपल्या देशातली ह्या विद्येची पहिली मोठी हकिकत मात्र शहाणपणातून नव्हे, लोभातून आणि गफलतीतून घडली. मेक्सिकोतल्या निवडुंगावर कोचिनील नावाचा एक किडा वाढतो. तो वाळवून कुटला की रक्तासारखा तांबडा रंग निघतो. हा पिठ्याचाच दूरचा भाऊबंद, अंगावर तसेच पांढरे मेण. त्या रंगाचा सारा व्यापार स्पेनच्या मुठीत, आणि इंग्रजांच्या पलटणींना तर तांबडे डगले हवेत! तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले की हा किडा हिंदुस्थानातच पोसावा. मद्रासला डॉक्टर जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांनी त्यासाठी निवडुंगाची बागच मांडली. १७९५ साली कप्तान नीलसन ह्याने ब्राझीलहून किडे आणून बंगालमध्ये उतरवले. कंपनीला वाटले, घबाड हाती लागले. पण तो अस्सल कोचिनील नव्हताच; त्याचा एक रानटी चुलता होता. रंग निघाला तो हलका. व्यापार बुडाला. किडा मात्र आपल्या कामाला लागला, आणि दक्षिण हिंदुस्थानात जिथे जिथे एका विशिष्ट जातीचा निवडुंग माजला होता, तिथे तिथे त्याने तो बसल्या जागी चाटून पुसून साफ केला. मग लोकांच्या ध्यानात आले की रंगासाठी आणलेला हा पाहुणा तण मारायला नामी आहे. १८६३ साली तो मुद्दाम सिंहलद्वीपात नेला गेला. पुढे १९२६ मध्ये त्याच सिंहलद्वीपातून कोचिनीलची दुसरी एक जात आपल्याकडे आली. पहिल्या किड्याने तोंड न लावलेला काटेरी फड्या निवडुंग तिने काही वर्षांत हटवला. इंग्रजी ग्रंथांत ह्या हकिकतीला मोठा मान आहे. मला मात्र ती वाचताना धसका बसतो. नाव-गाव नीट न विचारता आणलेला किडा तण खाणारा निघाला म्हणून बरे. तो पिकावर बसणारा निघाला असता तर?

हा धसका उगाच नव्हे. १९३५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी अमेरिकेतले मोठे विषारी बेडूक सोडले होते. त्यांनी भुंगेरे सोडून बाकी सगळे खाल्ले, आणि ते आजतागायत आवरत नाहीत.

आता खरी नामांकित कथा. कॅलिफोर्नियात १८६८ च्या सुमारास शोभेच्या बाभळीवर एक परदेशी खवलेकीड दिसली. ही ऑस्ट्रेलियातून रोपांबरोबर आलेली, पाठीवर कापसाच्या गादीसारखी अंड्यांची पिशवी बाळगणारी. पंधरा-वीस वर्षांत ती संत्र्यांच्या बागांवर चढली. बागाईतदारांनी धुतले, फवारले, तंबू ठोकून विषारी धूर दिला; शेवटी कित्येकांनी झाडेच उपटून जाळली. सरकारी कीटकशास्त्रज्ञ रायली ह्यांनी विचार केला की ऑस्ट्रेलियात ही कीड असून नसल्यासारखी आहे, तेव्हा तिथे तिला खाणारे कोणीतरी असलेच पाहिजे. पण कीटकखात्याच्या नोकरांनी परदेशी जाऊ नये असा तिथल्या कायदेमंडळाचा निर्बंध होता. मग युक्ती निघाली. १८८८ साली मेलबर्नला मोठे प्रदर्शन भरायचे होते. आल्बर्ट कोबेले नावाच्या खात्यातल्या एका माणसाला त्या प्रदर्शनाच्या मंडळीत घालून पाठवले. तो तिथे गेला आणि झाडाझुडपांतून किडे वेचीत हिंडला. त्याला एक तांबड्या-काळ्या पाठीचा, मसुरीच्या दाण्याएवढा भुंगेरा सापडला. आपले शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणतात, त्याच कुळातला हा.

बोटीच्या थंड कोठीतून आलेल्या पहिल्या तीन खेपांत जिवंत भुंगेरे निघाले अवघे १२९. लॉस एंजलिसमध्ये एका संत्र्याच्या झाडावर कापडी तंबू घालून त्यात ते सोडले. एप्रिलमध्ये तंबू उघडला तेव्हा झाडावरची कीड संपत आली होती आणि भुंगेऱ्यांची प्रजा शेजारच्या झाडांवर निघाली होती. शेजारपाजारचे बागाईतदार डब्या-पेट्या घेऊन मागायला येऊ लागले. वर्ष-दीड वर्षात सारा मुलूख मोकळा झाला. त्या एका परगण्यातून बाहेर जाणारी संत्री ७०० वाघिणींवरून २००० वाघिणींवर गेली. खर्च सगळा मिळून दोन हजार डॉलरच्या आत! पुढे हीच कीड आपल्या निलगिरीत उतरली, तेव्हा हाच भुंगेरा तिच्या पाठलागावर हिंदुस्थानात आणावा लागला.

मौज पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या बागांत डी.डी.टी. आली. ती फवारल्यावर भुंगेरे मेले, आणि साठ वर्षे दबून असलेली खवलेकीड पुन्हा वर आली. कारण सोपे आहे. कीड मेणाच्या कवचाखाली लपून बसलेली. तिला खाणारा मात्र उघड्यावर फिरणारा. विष आधी कोणाला गाठणार? शिवाय कीड आठवड्यात सावरते, आणि मित्र सावरायला कीड भरपूर वाढावी लागते. फवारणीनंतर पंधरा दिवसांनी 'किडा दुप्पट झाला' अशी जी ओरड होते, तिचे मूळ बहुधा इथे असते.

कोबेलेने ऑस्ट्रेलियातून आणखी एक भुंगेरा आणला, काळ्या पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा. त्याचे नाव क्रिप्टोलीमस. हा १८९८ साली आपल्याकडे कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी आणला. त्या कामात तो नापास झाला! परंतु दक्षिणेतल्या मळ्यांत तो टिकून राहिला, आणि कालांतराने कळले की त्याची खरी आवड पिठ्या ढेकूण. आज द्राक्षांच्या आणि फळांच्या बागांत तो प्रयोगशाळेत वाढवून सोडतात. ह्याची अळी ओळखणे फार जरुरीचे आहे. तिच्याही अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके असतात, त्यामुळे ती थेट पिठ्यासारखी दिसते. फक्त आकाराने मोठी, झुबके लांब, आणि चाल चपळ. पिठ्या समजून लोक तिलाच चिरडतात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

काचघरांची गोष्ट वेगळी, पण घरातल्या झाडांना ती सर्वांत जवळची. इंग्लंडात १९२६ साली काचघरातल्या टोमॅटोवर पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. त्यांच्यात एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढत होती. शास्त्रज्ञ स्पेयर ह्यांनी ती वाढवली, आणि लाखोंनी बागाईतदारांना वाटली. डी.डी.टी. आली तसा तो उद्योग बसला. मग १९६० नंतर हॉलंडात यान कोपर्ट नावाच्या काकडीच्या बागाईतदाराला फवारणीच्या औषधांचाच त्रास होऊ लागला, आणि त्याने लाल कोळी खाणारे दुसरे कोळी पाळायला घेतले. त्यातून १९६७ साली जो धंदा उभा राहिला तो आज जगभर चालतो. युरोपात लोक दिवाणखान्यातल्या झाडांसाठीही पाकिटातून असे किडे मागवतात. आपल्याला त्याची गरज कमी. तिथले घर काचेने बंद, आपला ओटा चहूकडून उघडा. मित्रकीटक आपल्याकडे पाकिटाविना, आमंत्रणाविना येतात. आपण त्यांना विष घातले नाही म्हणजे पुरे.

हे आमच्याच मुलखात घडले आहे. २००५-०६ च्या पुढे अमेरिकेतला एक पिठ्या ढेकूण देशातल्या कपाशीवर दिसू लागला, आणि बघता बघता कापूस पिकवणाऱ्या सर्व राज्यांत पसरला. बांधावरचे गाजरगवत हे त्याचे माहेर, आणि दारची जास्वंद ही त्याची बारमाही धर्मशाळा. लोक हवालदिल झाले. आणि २००८ मध्ये दिल्लीकडे पिठ्याच्या अंगातून निघालेली एक बारकी काळी गांधीलमाशी शास्त्रज्ञांच्या हाती लागली. ती कोणी आणली नव्हती. आपल्या भक्ष्याच्या मागोमाग कशी कोण जाणे, ती येऊन पोचली होती. अलीगढच्या हयात ह्यांनी २००९ साली तिचे वर्णन केले, आणि कीड-व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेचे बांबावाले ह्यांच्या नावावरून तिला 'एनासियस बांबावालेई' असे नाव दिले. एका मराठी आडनावाचा हा मान फार दिवस टिकला नाही. हीच माशी फार पूर्वी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या नावाने नोंदलेली आहे असे पुढे ठरले, आणि जुने नाव कायम झाले. माशीला त्याचे काय! ती पंजाबपासून विदर्भापर्यंत शेतोशेत पसरली, आणि कपाशीवरचा पिठ्या पहिल्यासारखा उरला नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना २००२ चा लोकरी मावा आठवत असेल. उसाच्या पानांखाली कापूस पिंजल्यासारखा तो पसरला, आणि काही दिवस सगळीकडे फवारणीचीच भाषा होती. शेवटी त्याला आवरले ते डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस ह्या जाळीदार पंखांच्या किड्याने. शेतकरी अळ्या असलेली उसाची पाने तोडून नेत आणि आपल्या फडात बांधीत. त्या काळात ही पाने गावोगाव पाहुण्यासारखी फिरली.

आता पुन्हा जास्वंदीकडे. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा. दुधाच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तशी कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या परातीत ठेवावी, आणि झाडाचे पान भिंतीला टेकू देऊ नये. पिठ्या फार असेल तर पाण्याच्या धारेने धुवावा, उरलेला जुन्या दात-ब्रशने काढावा. पण सगळा काढू नये, कारण पाहुण्याला ताटात काही वाढलेले लागते. शेंड्यावर काही ढेकूण तांबूस-तपकिरी, फुगीर आणि कातड्यासारखे कडक झालेले दिसले, तर त्यांना हात लावू नये. ते मेलेले असतात, आणि त्या प्रत्येकात एकेक गांधीलमाशी वाढत असते. फांदी छाटावीच लागली तर ती जाळू नये. पसरट भांड्यात पाणी घालून मध्ये उपड्या वाटीवर ती ठेवावी. जिवंत पिठ्याला पाणी ओलांडून चालत जाता येत नाही. माशी तेवढी आपल्या दिवशी कवचाला वाटोळे भोक पाडते आणि उडून जास्वंदीवर जाते.