दंडातली कांडी: बसवणारा हात आणि काढणारा हात

१/ गर्भनिरोधक इम्प्लांट म्हणजे आगकाडीएवढी लवचीक कांडी. ती दंडाच्या आतल्या बाजूस, त्वचेखाली बसवतात. रोजच्या गोळीची आठवण ठेवावी लागत नाही आणि नसबंदीसारखा कायमचा निर्णयही घ्यावा लागत नाही. तिच्या इतिहासात मात्र एकच प्रश्न वारंवार उभा राहतो: नको झाली, तर काढणार कोण?

२/ या प्रश्नाचे मूळ कांडीहून जुने आहे. १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली, तरी १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. मातृत्व स्त्रीवर लादलेले नसावे, ही त्यांची भूमिका होती.

३/ नोव्हेंबर १९३८ मध्ये हा विषय मुंबई प्रांताच्या विधिमंडळात पोहोचला. डॉ. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. पूर्व खानदेश (आजचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश (आजचे धुळे-नंदुरबार) याच प्रांतात होते. ठराव फेटाळला गेला.

४/ अडतीस वर्षांनी काटा दुसऱ्या टोकाला गेला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण ज्याची मागणी हक्क म्हणून झाली होती, तेच आता सक्तीचे रूप घेऊ लागले होते.

५/ याच काळात न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमध्ये नवे साधन घडत होते. शेल्डन सेगल आणि चिलीचे होरासिओ क्रोक्साटो यांची ती कल्पना. सिलिकॉनच्या सहा नळ्यांतून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक पाच वर्षे थेंबाथेंबाने रक्तात मिसळे. नाव नॉरप्लांट. १९८३ मध्ये फिनलंडने त्याला प्रथम मान्यता दिली.

६/ या संप्रेरकाने गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो, शुक्राणूंची वाट अडते आणि बीजनिर्मितीही बरीचशी थांबते. पाळी मात्र अनियमित होऊ शकते. कित्येक स्त्रिया याच कारणाने इम्प्लांट काढून घेतात. लैंगिक संसर्गापासून ते संरक्षण देत नाही.

७/ डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेने नॉरप्लांटला मान्यता दिली. महिनाही उलटला नव्हता, तोच कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाने मुलांना मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्या स्त्रीला ते बसवून घेण्याची अट घातली. साधन तेच, पण ते बसवण्याचा निर्णय तिचा उरला नाही.

८/ भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नॉरप्लांटच्या चाचण्या घेतल्या. त्यावर स्त्री-संघटनांनी आक्षेप घेतला: स्त्रियांना पुरेशी माहिती दिली जाते का? नंतर त्यांची विचारपूस कोण करते? गोळी मनात आले की थांबवता येते, पण दंडातल्या सहा नळ्या काढायला प्रशिक्षित हातच लागतात.

९/ पुढे साधन सुटसुटीत झाले. १९९८ पासून बाजारात आलेल्या नव्या प्रकारात सहांऐवजी एकच कांडी असते. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक असून मुदत तीन वर्षांची आहे. जागा बधिर करून ती काही मिनिटांत काढता येते आणि गर्भधारणेची क्षमता लवकर परतते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने निवडक राज्यांतून तिचा सार्वजनिक कार्यक्रमात समावेश सुरू केला.

१०/ आता खानदेशाकडे पाहावे. साक्रीच्या पाड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि महिनोन्‌महिने फडातच राहतात. तिथे रक्तस्राव सुरू झाला, किंवा मूल हवेसे वाटले, तर त्या स्त्रीने कुठे जावे? गावची आशाताई दूर असते, आणि फडाजवळच्या दवाखान्यात कांडी काढणारा प्रशिक्षित माणूस असेलच असे नाही.

११/ म्हणून अशा साधनाचे यश किती दंडांत कांडी बसली, एवढ्यावर मोजता येत नाही. ‘काढा’ म्हणताच, कारण न विचारता, ती जवळच काढून मिळते का, हीच खरी कसोटी. कर्व्यांनी १९२१ मध्ये मांडलेला स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न शंभर वर्षांनी इथेच येऊन थांबतो.